तिसरी तार नेमकी कुठे बसवायची? हार्ट फेल्युअरमधल्या मॅपिंगविषयी

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिशियनचा आहे. त्यांच्याकडे दोन पेशंट आहेत. पहिल्याला वर्षभरापूर्वी तीन तारांचा (तार म्हणजेच लीड) पेसमेकर, म्हणजे सीआरटी, बसवला. पण ‘मशीन बसवली, दम तसाच हाये’ ही तक्रार कायम आहे. दुसरा ५८ वर्षांचा कापूस पिकवणारा शेतकरी. जुना हार्ट अटॅक, ईएफ (हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता) २८ टक्के, लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (एलबीबीबी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला वीज नेणारी वाट बंद), क्यूआरएस (ईसीजीवर खालचे कप्पे जागे व्हायला लागणारा वेळ) १४८ मिलिसेकंद, किडनीचं क्रिएटिनिन १.९. नागपूरच्या टीमने त्याला ‘मॅपिंग करून लीड बसवू’ असं सांगितलं आहे. मॅपिंग म्हणजे नेमकं काय, त्याने खरंच फरक पडतो का, आणि पाठवण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी काय करून ठेवावं, असं त्यांनी विचारलं आहे.

थेट उत्तर आधी देतो. दुसऱ्या पेशंटला मॅपिंगचा, म्हणजे हृदयात वीज कुठे उशिरा पोचते ते आधी मोजून लीडची जागा ठरवण्याचा, फायदा व्हायची शक्यता चांगली आहे, आणि त्याची कारणं तुम्हीच दिलेल्या माहितीत आहेत: जुना अटॅक, १४८ चा क्यूआरएस आणि १.९ चं क्रिएटिनिन. पहिल्याचं मॅपिंग करून लीड हलवण्याचा विचार आत्ताच करू नका. त्याच्या बाबतीत साधा ईसीजी आणि दोन एक्स-रे बरंच काही सांगतील. आणि दोघांच्याही बाबतीत, पडद्यावरच्या रंगीत नकाशाला भुलू नका. लीड जिथे टेकली आहे तिथे वीज किती उशिरा पोचते हा एक आकडा हवा असतो, आणि तो कोणत्याही कॅथलॅबमध्ये जादा पैसे न लावता मिळतो. तो कुणी मोजून लिहून ठेवत नाही, हे खरं दुखणं आहे.

एलबीबीबीमध्ये विजेची लाट उजवीकडून येते. सेप्टम, म्हणजे दोन बाजूंमधली भिंत, ओलांडायलाच तिला ४० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. डाव्या व्हेंट्रिकलमध्ये (खालच्या कप्प्यात) उतरल्यावरही ती सरळ पसरत नाही. बऱ्याच पेशंटमध्ये पुढच्या भिंतीवर एक रेघ असते जिथे वहन अडतं. तिथे डाग असेलच असं नाही, अडथळा कार्यात्मक असतो. लाट त्या रेघेला वळसा घालून एपेक्सकडून (हृदयाच्या खालच्या टोकाकडून) किंवा खालच्या भिंतीवरून बाहेरच्या भिंतीकडे चढते. नकाशावर तो प्रवास इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो. सर्वांत शेवटी जागा होतो तो बहुधा बेसल लॅटरल (वरचा, बाहेरच्या बाजूचा) किंवा पोस्टरोलॅटरल (मागचा-बाहेरचा) भाग. म्हणूनच ‘लॅटरल किंवा पोस्टरोलॅटरल शीर पकडा, एपेक्स टाळा’ हा जुना नियम पडला. एपेक्स टाळण्याला आधारही पक्का आहे: मॅडिट-सीआरटी अभ्यासाच्या २०११ सालच्या विश्लेषणात एपेक्सला लीड असलेल्यांचे परिणाम इतरांपेक्षा वाईट होते.

नियम चुकीचा नाही, पण तो सरासरीचा आहे. अडथळ्याची रेघ प्रत्येकात वेगळ्या जागी असते. अटॅक येऊन गेलेला असेल तर सगळं गणितच बदलतं. स्क्रीनवर अगदी एकसारख्या दिसणाऱ्या दोन पोस्टरोलॅटरल शिरांत एकाकडे ७० मिलिसेकंदांचा उशीर सापडतो, दुसऱ्याकडे १३०. फ्लोरोस्कोपी, म्हणजे चालता एक्स-रे, शिरेचा मार्ग दाखवते, विजेचा नाही. सीआरटी बसवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना अपेक्षित फायदा होत नाही. त्याची कारणं अनेक आहेत, पण लीडची जागा हे आपल्या हातातलं कारण आहे.

अर्थात पूर्ण हातातलं नाही. डावी लीड आपण स्नायूत हवी तिथे रोवत नाही. ती कोरोनरी सायनस या हृदयाच्या मुख्य शिरेतून बाहेरच्या पृष्ठावरच्या एखाद्या शिरेत सरकवावी लागते. जिथे शीर आहे तिथेच लीड जाते. सर्वांत उशिरा जागणारा भाग दोन शिरांच्या मधोमध निघाला तर नकाशा कितीही सुंदर असला तरी उपयोग मर्यादितच.

आता मॅपिंग या शब्दाबद्दल. त्याखाली निरनिराळ्या गोष्टी खपतात. तुमच्या टीमला विचारा की यातलं नेमकं काय करणार.

सर्वांत साधं मॅपिंग म्हणजे लीडवरूनच घेतलेलं मोजमाप. त्याला क्यू-एलव्ही म्हणतात: ईसीजीवरच्या क्यूआरएसच्या सुरुवातीपासून डाव्या लीडवर उमटणाऱ्या स्थानिक सिग्नलपर्यंतचा वेळ. लीड शिरेत पोचली की तिचं मागचं टोक रेकॉर्डिंग सिस्टीमला जोडायचं, पेसिंग बंद ठेवायचं, पेशंटचे स्वतःचे ठोके चालू द्यायचे, स्क्रीनचा वेग १०० किंवा २०० मिलिमीटर प्रतिसेकंद करायचा आणि ईसीजीच्या बाराही लीड समोर ठेवायच्या. ज्या लीडमध्ये क्यूआरएस सर्वांत आधी सुरू होतो तिथे पहिली रेघ. डाव्या लीडच्या सिग्नलचं पहिलं मोठं शिखर, वरचं असो की खालचं, तिथे दुसरी रेघ. दोन-तीन ठोक्यांत तेच आलं पाहिजे. स्मार्ट-एव्ही अभ्यासाच्या २०११ सालच्या विश्लेषणात हा वेळ ९५ मिलिसेकंद किंवा जास्त असलेल्यांत व्हेंट्रिकलचा आकार कमी होण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. तेव्हापासून ९५ हा आकडा कॅथलॅबमध्ये रुळला. क्यूआरएस फार रुंद किंवा मध्यम असेल तर नुसत्या आकड्यापेक्षा गुणोत्तर बरं: क्यू-एलव्ही भागिले क्यूआरएस. ०.७ च्या आसपास किंवा वर आलं तर जागा चांगली.

तुमच्याच पेशंटचं काल्पनिक उदाहरण घेऊ. क्यूआरएस १४८. चार इलेक्ट्रोडची लीड पोस्टरोलॅटरल शिरेत गेली. टोकाच्या इलेक्ट्रोडवर ७८, दुसऱ्यावर ९६, तिसऱ्यावर ११०, सर्वांत मागच्या, म्हणजे बेसकडच्या, इलेक्ट्रोडवर ११८. लीड एकच, शीर एकच, पण टोकावरून पेस केलं तर गुणोत्तर ०.५३ आणि मागच्यावरून केलं तर ०.८. आता समजा मशीन सुरू करताना कुणी बघितलंच नाही आणि कंपनीचं मूळ सेटिंग टोकावरून पेस करण्याचं राहिलं. पेशंट एपेक्सकडून पेस होत राहणार, आणि वर्षभराने ‘मॅपिंग करूनही फायदा नाही’ असा शेरा फाईलवर पडणार. चार इलेक्ट्रोडच्या लीडवर पेसिंगच्या दहाहून अधिक जोड्या लावता येतात. त्यातली निवडायची कशी, याचं उत्तर हे चार आकडे देतात. टीमकडे एकच मागणी करायची असेल तर ही करा: चारही इलेक्ट्रोडचा क्यू-एलव्ही डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या.

या मोजमापात चुका कुठे होतात तेही सांगतो, कारण त्या वारंवार होतात. लीड बेसकडे, कोरोनरी सायनसच्या तोंडाजवळ असेल तर एट्रियमचा (वरच्या कप्प्याचा) मोठा सिग्नल दिसतो आणि घाईत त्यालाच व्हेंट्रिकलचा समजलं जातं. उजव्या व्हेंट्रिकलमधून पेसिंग चालू असताना मोजलेला आकडा वेगळाच असतो. त्याला ९५ चा निकष लावता येत नाही. मध्येच एखादा व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक (अवेळी ठोका) आला तर तो ठोका सोडून द्यायचा. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे डाग. जिथला स्नायू मेलेला आहे तिथे वीज उशिरा पोचतेच, त्यामुळे क्यू-एलव्ही लांबलचक येतो. सिग्नल मात्र बुटका, तुटकतुटक, रुंद असतो. तिथून पेस केलं तर वीज डागातून बाहेर पडायलाच वेळ घेते. स्पाइक (पेसिंगची खूण) पडल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत ४० मिलिसेकंदांहून जास्त सपाट रेघ दिसली तर समजा की लीड डागात किंवा त्याच्या काठावर आहे. थ्रेशोल्डही, म्हणजे स्नायू पकडायला लागणारी किमान वीज, चढा येतो. तेव्हा उशीर हवा, पण जिवंत स्नायूतला उशीर हवा.

दुसरं मॅपिंग म्हणजे ज्याची तुमच्या टीमने बहुधा गोष्ट काढली आहे: त्रिमितीय यंत्रणेवर शिरांचा नकाशा. कार्टो आणि एनसाइट या दोन यंत्रणा इथे सर्वसाधारणपणे दिसतात. अतालता (ठोक्यांचा बिघाड) जाळण्याच्या प्रक्रियांसाठी त्या आधीच घेतलेल्या असतात, त्यामुळे सीआरटीसाठी वेगळं यंत्र लागत नाही. वायर आणि छातीवरचे पॅच यांचा खर्च मात्र वाढतो. पद्धत साधारण अशी. पॅच लावून झाले की उजव्या व्हेंट्रिकलची लीड सर्वांत आधी टाकतात. एलबीबीबी असलेल्या पेशंटची उजवी बंडल ब्रँच कॅथेटरच्या धक्क्याने तात्पुरती बंद पडली तर पूर्ण हार्ट ब्लॉक होतो, म्हणून हा क्रम पाळायचा. मग कोरोनरी सायनसमध्ये शीथ, म्हणजे पोकळ नळी. नंतर ०.०१४ इंची वायर एकेका फांदीत सरकवतात. वायर टोक सोडून बाकी आच्छादलेली असते, मागचं टोक क्लिपने यंत्रणेला जोडलेलं असतं, म्हणजे वायरच इलेक्ट्रोड होते. वायर मागे ओढत दर ५ ते १० मिलिमीटरला एक बिंदू घ्यायचा. प्रत्येक बिंदूची वेळ यंत्रणा रंगात दाखवते: लाल आधी, जांभळा शेवटी. हातातल्या सगळ्या फांद्या झाल्या की कोणत्या शिरेच्या कोणत्या भागात सर्वाधिक उशीर आहे ते लीडचं पाकीट उघडण्याआधीच कळतं.

याचे दोन व्यावहारिक फायदे आहेत. लीड एका शिरेत घालून, मोजून, नापसंत पडली म्हणून काढून दुसरीत घालण्याचा व्याप वाचतो. आणि डाय (एक्स-रेत शिरा दिसण्यासाठी सोडायचं द्रव्य) कमी लागतो. नेहमीच्या पद्धतीत फुगा फुगवून शिरांची व्हेनोग्राफी दोन कोनांतून करतात. शीर सापडायला त्रास झाला की डाय बघता बघता वाढतो. तुमच्या पेशंटचं क्रिएटिनिन १.९ म्हणजे ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा आकडा) साधारण ४०. त्याच्यासाठी हाच फायदा सर्वांत ठोस आहे. क्ष-किरणही कमी लागतात, त्यात पेशंटपेक्षा रोज शिशाचं जाकीट घालणाऱ्या टीमचं भलं जास्त.

अडचणीही आहेत. वायरचं आच्छादन टोकाजवळ थोडं जास्त सरकलं की ती एकाच वेळी दोन जागांचा सिग्नल घेते. घामाने छातीवरचे पॅच सुटले किंवा प्रक्रियेदरम्यान लॅसिक्स देऊन भरपूर लघवी झाली तर शरीराचा रोध बदलतो आणि रोधावर चालणाऱ्या यंत्रणेचा नकाशा सरकतो. मोठ्या धमनीतून व्हेंट्रिकलच्या आत शिरून केलेलं एंडोकार्डियल मॅपिंग हा तिसरा प्रकार. त्यात डाग नीट कळतो (बायपोलर व्होल्टेज ०.५ मिलिव्होल्टच्या खाली म्हणजे दाट डाग, ०.५ ते १.५ म्हणजे काठ), पण फक्त सीआरटीसाठी डाव्या व्हेंट्रिकलमध्ये कॅथेटर घालून स्ट्रोकची जोखीम घेणं मला पटत नाही. दुसऱ्या कारणाने आधीच केलं असेल तर तो नकाशा जरूर वापरावा.

चौथा प्रकार म्हणजे शरीराबाहेरून: २५२ इलेक्ट्रोडचं जाकीट आणि सीटी यांवरून हृदयाच्या पृष्ठावरचा नकाशा गणिताने काढणं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाव्या आणि उजव्या व्हेंट्रिकलच्या सरासरी जागृतीत ५० मिलिसेकंदांचा किंवा जास्त फरक असलेल्यांना सीआरटीचा लाभ होण्याची शक्यता नुसत्या क्यूआरएसपेक्षा चांगली ओळखता आली. कल्पना उत्तम आहे, पण ती मोजक्या मोठ्या केंद्रांपुरती आहे. तुमच्या पेशंटला त्यासाठी लांब पाठवू नका.

पुराव्याबद्दल हातचं न राखता बोलायचं तर चित्र मिश्र आहे. इकोवर स्पेकल ट्रॅकिंग करून (स्नायूच्या ठिपक्यांची हालचाल टिपून) उशिरा आकुंचन पावणारा, डाग नसलेला भाग शोधून तिथे लीड ठेवण्याचा २२० पेशंटचा टार्गेट अभ्यास २०१२ साली आला. त्यात अशी लीड बसवलेल्यांपैकी ७० टक्के, तर नेहमीच्या पद्धतीतल्या ५५ टक्के पेशंटचं व्हेंट्रिकल अपेक्षेप्रमाणे आकसलं. म्हणजे जागा निवडल्याने फरक पडतो. उलट एलबीबीबी नसलेल्या पेशंटमध्ये क्यू-एलव्ही बघून लीड ठेवण्याचा अभ्यास झाला, त्यात नेहमीच्या पद्धतीपेक्षा फायदा दिसला नाही. माझं मत असं: खरा एलबीबीबी, क्यूआरएस १५० च्या वर, डाग नाही आणि पोस्टरोलॅटरल शीर चांगली मोठी, अशा पेशंटला त्रिमितीय नकाशाने फार काही जास्त मिळत नाही, चार इलेक्ट्रोडची लीड आणि क्यू-एलव्ही पुरे. अटॅकचा डाग, १३० ते १५० मधला क्यूआरएस, अवघड शिरा, नाजूक किडनी, किंवा आधीची लीड निकामी ठरल्याने दुसऱ्यांदा बसवणं, या ठिकाणी नकाशा पैसे वसूल करतो.

पहिल्या पेशंटकडे वळतो. नागपूरची गाडी धरण्याआधी तुमच्याच दवाखान्यात एवढं बघा.

बारा लीडचा ईसीजी नीट काढा, इलेक्ट्रोडच्या जागा बरोबर ठेवून. दोन्ही बाजूंनी पेसिंग होत असेल तर साधारणपणे लीड एकमध्ये क्यूआरएस खाली, निदान सुरुवातीला क्यू, आणि व्ही-वनमध्ये आर दिसायला हवा. लीड एक पूर्ण वर आणि व्ही-वन पूर्ण खाली असेल तर डावी लीड पकडत नसण्याची शंका घ्या. स्पाइक आहे म्हणजे पेसिंग होतंय असं धरून चालू नका. क्यूआरएसची रुंदी मशीन बसवण्याआधीच्या ईसीजीशी ताडून बघा. रुंदावला असेल तर बाब गंभीर.

छातीचा एक्स-रे पीए (समोरचा) आणि डावा लॅटरल (बाजूचा), दोन्ही. अनेक ठिकाणी फक्त पीए काढतात आणि तिथेच घोळ होतो. पीएवर लीड डावीकडे लांब गेलेली दिसली की सगळे खूश होतात, पण पुढच्या शिरेतली लीडही तशीच दिसते. लॅटरलवर डावी लीड मागे, मणक्याच्या बाजूला गेली पाहिजे. ती छातीच्या हाडामागे पुढे दिसली तर ती पुढच्या शिरेत आहे. टोक हृदयाच्या सावलीच्या खालच्या कोपऱ्यात टेकलेलं असेल तर ती एपेक्सला आहे. अशा वेळी आधी इलेक्ट्रोडची जोडी बदलून बघता येते. सगळ्यांनाच लीड हलवावी लागत नाही.

तिसरं, मशीनमधला पेसिंगचा टक्का. तो ९८ च्या वर हवा. हे ज्या शहरात मशीन बसवलं तिथेच तपासता येईल, पण अंदाज तुम्ही बांधू शकता: एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) असेल किंवा ईसीजीच्या लांब पट्टीवर एक्टोपिक वारंवार दिसत असतील तर टक्का पडलेलाच असणार. इथे एक सापळा आहे. मशीन ९९ टक्के दाखवत असलं तरी त्यातले बरेच ठोके पेशंटचे स्वतःचे आणि पेसिंगचे मिसळलेले असू शकतात. मशीन त्यांनाही पेस झालेलेच मोजतं. एएफ असलेल्या पेशंटमध्ये हे फार होतं. २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा सतत ईसीजी), शक्य असेल तर बारा लीडचा, काढला की खरं बाहेर येतं.

आणि शेतकऱ्यांमध्ये हमखास निघणारं एक कारण: अप्पर ट्रॅकिंग रेट, म्हणजे मशीन ज्या वेगापर्यंत ठोक्यांच्या मागे पेसिंग करतं ती वरची मर्यादा. ओपीडीत खुर्चीवर बसलेल्याचे ठोके ७५ असतात, सगळं छान. तोच माणूस उन्हात डवरणीला गेला किंवा विहिरीतून पाणी ओढायला लागला की ठोके १३० च्या वर जातात. मशीनची मर्यादा १२० ला लावलेली असेल तर नेमकं जेव्हा गरज तेव्हाच डावं पेसिंग सुटतं. ‘बसल्या बसल्या बरं, काम केलं की दम’ अशी तक्रार असेल तर आधी हे तपासायला सांगा. मर्यादा १३० ते १४० पर्यंत नेता येते, फक्त अँजायना नाही ना ते बघून.

यानंतरही काही सापडलं नाही तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड आणि औषधांचे डोस. आपल्याकडे विदर्भात सिकलसेल काही कमी नाही. दीर्घकाळचा ॲनिमिया हार्ट फेल्युअरचं सोंग वठवतो आणि मशीनला दोष मिळतो.

दुसऱ्या पेशंटची तयारी. सीआरटीचा विचार करण्याआधी औषधं पूर्ण डोसवर निदान तीन महिने झालेली हवीत: एआरएनआय किंवा एसीई इनहिबिटर, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, एसजीएलटी-२ इनहिबिटर, जितकं बीपी, पोटॅशियम आणि किडनी सोसेल तितकं. १.९ च्या क्रिएटिनिनवर स्पायरोनोलॅक्टोन देताना पोटॅशियम आठवड्याभरात एकदा बघाच. ब्लॉक खरोखर एलबीबीबी आहे का तेही तपासा. ईसीजी मशीनने छापलेल्या निदानावर विसंबू नका. कडक निकष असे: पुरुषांत क्यूआरएस १४० किंवा जास्त, स्त्रियांत १३० किंवा जास्त, व्ही-वन व व्ही-टूमध्ये क्यूएस किंवा आरएस, आणि एक, एव्हीएल, व्ही-वन, व्ही-टू, व्ही-फाइव्ह, व्ही-सिक्स यांपैकी किमान दोन लीडमध्ये क्यूआरएसच्या मधोमध खाच. तुमच्या पेशंटमध्ये खाच नसेल तर तो नुसताच जाड झालेल्या व्हेंट्रिकलचा रुंद क्यूआरएस असू शकतो, आणि मग मॅपिंगही मदतीला येणार नाही.

एमआरआय करायचा असेल तर मशीन बसवण्याआधीच. गॅडोलिनियमनंतर उजळणारा भाग म्हणजे डाग, तो कुठे आणि किती जाड हे त्याहून चांगलं कशातच कळत नाही. मशीन बसल्यावर एमआरआय सुसंगत असलं तरी बॅटरीची सावली डाव्या भिंतीवरच पडते, म्हणजे नेमकं बघायचं तेच झाकलं जातं. ईजीएफआर ४० ला सध्याची नवी गॅडोलिनियम द्रव्यं चालतात. या पेशंटमध्ये डाग मागच्या-बाहेरच्या भिंतीत आरपार निघाला तर योजना बदलते. म्हणून हा अहवाल टीमच्या हाती प्रक्रियेच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी पोचायला हवा.

बारीक गोष्टी. डाव्या हाताला सलाईन लावलं तर कोपराच्या पुढची एकच चांगली शीर वापरा, हात सुजवून पाठवू नका. प्रक्रियेच्या वेळी डाव्या खांद्याखालच्या शिरा त्याच हातातून डाय देऊन बघतात. छातीवर नायटा, घामोळ्या, खरूज असेल तर ती पूर्ण बरी करून मगच तारीख घ्या. खिशातला (कातडीखाली मशीन ठेवतात त्या जागेतला) संसर्ग म्हणजे सगळी यंत्रणा उपटून काढणं. वॉरफेरिन चालू असेल तर ते थांबवून हेपरिनवर टाकू नका. ब्रूज कंट्रोल अभ्यासात २०१३ साली हेपरिनचा पूल बांधलेल्यांनाच खिशात जास्त रक्त साकळलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचं असेल तर आरोग्यमित्राकडून आधी लेखी विचारून घ्या की मंजूर होणाऱ्या पॅकेजमध्ये कोणतं मशीन आणि किती इलेक्ट्रोडची लीड बसते, आणि मॅपिंगच्या सामानाचा खर्च कुणावर. हे प्रक्रियेच्या टेबलावर कळलं तर नातेवाइकांची धावपळ होते आणि मग स्वस्त लीड बसते.

नागपूरच्या टीमला आणखी एक विचारा: शिरेतून जमलं नाही तर डाव्या बंडलजवळ पेसिंग कराल का? अलीकडच्या वर्षांत हा पर्याय झपाट्याने पुढे आला आहे. २०१७ साली चीनमधून पहिलं वर्णन आलं. उजव्या बाजूने सेप्टममध्ये खोल स्क्रू करत लीड डाव्या बंडलपर्यंत नेतात. व्ही-वनमध्ये शेवटी आर उमटतो, आणि स्पाइकपासून व्ही-सिक्सच्या शिखरापर्यंतचा वेळ ८० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा कमी आला तर बंडल पकडलं असं धरतात. कोरोनरी सायनसची कटकट नाही, डाय नगण्य, आणि काही पेशंटमध्ये साध्या दोन तारांच्या पेसमेकरवर काम भागतं, म्हणजे खर्चही कमी. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात त्याला स्थान मिळालं आहे, मुख्यतः शिरेतून लीड जमली नाही तर. अटॅक न आलेल्यांतले निकाल उत्तम आहेत. तुमच्या पेशंटच्या सेप्टममध्ये डाग असेल तर स्क्रू खोल जात नाही किंवा बंडल पकडूनही पुढचं वहन रखडतं. तोच एमआरआय इथेही उपयोगी पडतो.

लीड बसल्यावर टेबलावरच १० व्होल्टने पेस करून पोट उडतं का बघतात. पोस्टरोलॅटरल शिरेजवळून फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाची नस) जाते. उडत असेल तर जोडी बदलायची. झोपून नाही उडलं तरी डाव्या कुशीवर उडू शकतं, म्हणून घरी आल्यावर पेशंटने ‘उचकीसारखं होते’ म्हटलं तर ॲसिडिटीच्या गोळ्या देऊ नका, मशीन तपासायला पाठवा. डिस्चार्जच्या दिवसाचा बारा लीडचा ईसीजी मागून घ्या आणि फाईलच्या पहिल्या पानाला लावा. पुढे कधीही शंका आली की त्याच्याशी ताडता येतं.

शेतातल्या गोष्टी शहरातलं डिस्चार्ज कार्ड सांगत नाही, त्या तुम्हालाच सांगाव्या लागतील. पहिले सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नाही, पऱ्हाटी उपटणं नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाचा डावा पट्टा थेट मशीनवर घासतो. रोजच्या घासण्याने कातडी पातळ होऊन मशीन बाहेर डोकावल्याचे प्रकार होतात. फवारणी दुसऱ्याकडून करून घ्यायची, किंवा मशीन बसवतानाच सांगून ते उजवीकडे किंवा जरा आतल्या बाजूला घ्यायचं. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला हात लागता कामा नये. तिचे सेकंदा-सेकंदाचे ठोके डिव्हाइसला हृदयाचे वाटू शकतात, मग पेसमेकर गप्प बसतो आणि शॉक देणारं मशीन असेल तर नको तेव्हा शॉक देतं. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपासून हातभर लांब राहिलं तर धोका नाही, पण मोटारीला अर्थिंग नसेल आणि पाय ओले असतील तर अंगातून गळणारी बारीकशी वीजही तोच घोळ करते. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की लॅसिक्स आणि एसजीएलटी-२ वरच्या पेशंटचं पाणी झपाट्याने उतरतं. रोजचं वजन दोन किलोंनी घटलं, उभं राहिल्यावर चक्कर आली, तर लॅसिक्सचा डोस फोनवर विचारून कमी करायचा, स्वतःहून सगळ्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

तुमच्या पेशंटचा ईएफ २८ आणि जुना अटॅक, म्हणजे त्याला बहुधा शॉक देणारं मशीन सुचवतील. घरच्यांना एवढं सांगून ठेवा: एक शॉक बसला आणि नंतर माणूस ठीक असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुम्हाला कळवायचं. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरही चक्कर, दम, छातीत दुखणं राहिलं, तर १०८ बोलवायची आणि मशीनचं ओळखपत्र सोबत घ्यायचं.